आपण की आम्ही

२०२५च्या ऑगस्टमधली १९ तारीख. रात्रभर कोसळूनही पावसाचं मन भरलेलं नव्हतं. शाळांना सुट्टी, लोकलचं काही खरं नाही, आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गेटाशी पोटरीभर पाणी. मी पहाटे तीनला झोपलेलो. सातला दूध आणायला खाली उतरत होतो, तर जिन्यात सर भेटले. सर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, एका हातात दुधाच्या दोन पिशव्या, दुसऱ्या हातात चपला. "डोळे का रे लाल?" त्यांनी विचारलं. "रात्री मॅच होती, सर. आपण हरलो." सर थबकले. "आपण? रात्री कुठली मॅच? मी काही ऐकलं नाही." मी म्हटलं, "फुटबॉल. लीड्सशी. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी दिली हो. चेंडू हाताला लागला म्हणे." "ते असू दे. आपण म्हणजे कोण?" "एव्हर्टन." सरांनी चपला दुधाच्या हातात घेतल्या आणि मोकळ्या झालेल्या हाताने कठडा धरला. वर्गात खडू शोधताना असेच थांबत असतील. "मग 'आपण' कसं म्हणशील? 'आपण'मध्ये समोरचा माणूस येतो. मी काही हरलेलो नाही. मी झोपलो होतो. 'आम्ही' म्हण." दोन पायऱ्या चढून ते पुन्हा वळले. "आणि 'आम्ही'सुद्धा, तू खेळला असतास तर."

लिफ्ट बंद होती. ओल्या चपलांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत हळूहळू चढत गेला.

याला द्यायचं उत्तर मला दुपारी दीड वाजता सुचलं, घरून काम करताना, दुसऱ्या कुणाच्या तरी बॅलन्स शीटवर डोकं फोडत असताना. दर गणपतीत सर १९८३ची गोष्ट सांगतात. साताऱ्यात शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसले होते, आणि "आपण १८३मध्ये आटोपलो तेव्हा सगळे उठून गेले, मी एकटा बसून राहिलो." मग सर, लॉर्ड्सवर त्या दिवशी तुम्ही किती धावा केल्यात? पण उत्तर सुचल्यावर लगेच त्यातली खोट पण दिसली. सरांच्या 'आपण'ला एक देश आहे, पासपोर्ट आहे, ऐकणारा प्रत्येक जण त्यात आपोआप बसतो. माझ्या 'आपण'ला काय आहे? साडेसात हजार किलोमीटरवरचा एक क्लब, ज्याने १९९५नंतर एकही करंडक उचललेला नाही, आणि ज्याचं नाव घेतल्यावर लोक विचारतात, "म्हणजे लिव्हरपूलच ना?" नाही हो. लिव्हरपूल शहरातलाच, पण लिव्हरपूल नव्हे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की ते माझ्या आडनावासारखं झालंय.

सुरुवात १९ ऑक्टोबर २००२ची, शनिवार संध्याकाळची. मी बारावीत. बारावी म्हणून आमच्या घरचं केबल कापलेलं, त्यामुळे मित्राकडे 'फिजिक्सच्या नोट्स' आणायला गेलो होतो. ग्रुपमधली अर्धी पोरं मँचेस्टर युनायटेडची, अर्धी आर्सेनलची. त्या वेळी आर्सेनल लीगमधल्या सलग तीस सामन्यांत एकदाही हरलेलं नव्हतं. समोर एव्हर्टन, निळ्या शर्टातली, मला नावानेही माहीत नसलेली माणसं. एक-एक अशी बरोबरी. शेवटची दहा मिनिटं उरली असताना एक पोरगा मैदानात आला, मानेत डोकं खुपसल्यासारखा, एखाद्या गॅरेजमध्ये कामाला असावा असा. वेन रूनी. त्याला सतरावं पूर्ण व्हायला पाच दिवस होते. माझं दोन महिन्यांपूर्वी झालेलं. नव्वदाव्या मिनिटाच्या आसपास त्याने उंचावरून आलेला चेंडू पायाने असा खाली घेतला की जणू हातानेच उतरवून ठेवला, वळला आणि लांबून मारला. चेंडू आर्सेनलचा गोली सीमनच्या बोटांवरून वळसा घेऊन आडव्या बारला खालून लागून आत गेला. मित्र उशीत तोंड खुपसून बसला. मी मात्र उभा राहिलो. का, ते आजही नेमकं सांगता येत नाही. माझ्याच वयाच्या कुणीतरी, माझी जेईईची पुस्तकं उघडायचीही हिंमत होत नसताना, असं काही करून टाकलं होतं. मोठ्यांच्या देखत.

पुढे दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट २००४ला, तोच रूनी मँचेस्टर युनायटेडला गेला. म्हणजे ज्या मित्राने ओळख करून दिली म्हणून एका घरी जायला लागलो, तो मित्रच ते घर सोडून समोरच्या वाड्यात राहायला गेला. शहाणा माणूस अशा वेळी बोऱ्याबिस्तारा उचलतो. मी राहिलो. तोवर मला बाकीच्यांची नावं पाठ झाली होती, मॅनेजर डेव्हिड मॉइसच्या कपाळावरच्या शिरा ओळखीच्या झाल्या होत्या, आणि मजा म्हणजे रूनी गेला त्याच मोसमात आम्ही चौथे आलो. (आम्ही. असो.) रूनी २०१७ला परतही आला, दाढी वाढवून, थोडा जड होऊन. आनंद झाला, पण लहानपणीच्या शाळेत पालक म्हणून गेल्यावर होतो तसा.

एका दूरच्या क्लबचं होणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे कुणी विचारलं तर मी गॅसच्या लायटरबद्दल सांगेन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं पुढेमागे होतात; भारतात त्याचा पत्ताही नसतो, पण आमच्या घरात माझी झोप सरकते. हिवाळ्यात तिथल्या आठच्या मॅचेस आपल्याकडे रात्री दीडला. दीड वाजता चहा करायचा तर लायटरचा खटका बायकोला उठवतो, म्हणून मी काडेपेटी ठेवली आहे, चहाच्या डब्यामागे. टीव्हीचा आवाज बंद. गोल झाला तर ओरडायचं नाही, मूठ चावायची. माझ्या उजव्या तर्जनीच्या सांध्यावर २० मे २०२२च्या पहाटेपूर्वीच्या दातांची खूण कितीतरी दिवस होती. क्रिस्टल पॅलेसशी मॅच, हरलो तर लीगमधून खाली जाण्याची टांगती तलवार, मध्यंतराला शून्य-दोन. मग एक, मग दुसरा, आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला कॅल्व्हर्ट-लुइनने झेपावून डोक्याने मारलेला तिसरा. तिकडे अख्खं गुडिसन पार्क, म्हणजे एव्हर्टनचं स्टेडियम, मैदानात धावत सुटलं होतं. इकडे मी बाल्कनीत, बनियनवर, वॉचमनकडे बघून दोन्ही हात वर करून उभा. त्याने टॉर्च मारला. "साब, सब ठीक?" "सब ठीक," मी कुजबुजलो. एवढाच काय तो आमचा विजयोत्सव.

पण ही काडेपेटीची भक्ती सांगताना एक गोष्ट मी सहसा सांगत नाही, कारण तिची मला थोडी लाज वाटते. ती मला गुडिसनवरच कळली.

गेलो एकदाच. डिसेंबर २०१९, ऑफिसच्या कामाने तीन आठवडे मँचेस्टरला होतो. शनिवारी सकाळी लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनला उतरलो, बसने वॉल्टनला. डोळ्यांसमोर टीव्हीवरचं भव्य काहीतरी होतं. प्रत्यक्षात लाल विटांच्या बैठ्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या गल्ल्या, दारात कचऱ्याचे डबे, आणि एका गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या कुठल्या घराऐवजी, स्टेडियम. दादरमध्ये इमारतींच्या गर्दीत मध्येच देऊळ लागतं तसं. एका कोपऱ्यात दोन स्टँडच्या बेचक्यात चक्क चर्च घुसलेलं, सेंट ल्यूक्स. हवेत परतलेला कांदा, बिअर आणि ओल्या लोकरीचा वास. आत झेड-कार्सची धून सुरू झाली, संघ मैदानात येताना वाजते ती, बासरी आणि ढोल, आणि माझ्या अंगावर काटा आला तो थंडीने की कशाने हे तपासायच्या भानगडीत मी पडलो नाही. मैदानाच्या कडेने जुन्या पद्धतीचा झगा घातलेली एक मुलगी टोपलीतून काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या गोळ्या प्रेक्षकांत उधळत गेली. एव्हर्टन मिंट. प्रसादच तो.

माझी जागा बुलेन्स रोड स्टँडमध्ये, लाकडी खुर्ची, आणि खुर्चीसमोर खांब. गुडिसनला खांब होतेच. छप्पर धरायचं तर ते हवेत, आणि त्यांच्यामागे बसलेल्यांनी एकेक पाव मैदान सोडून द्यायचं. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, टोपी, नाकाचा शेंडा लाल. पहिली पाच मिनिटं मी चेंडू खांबाआड गेला की मग मान काढत होतो आणि प्रत्येक वेळी उशीर होत होता. आजोबा मात्र चेंडू जायच्या आधीच झुकलेले असत. पास निघायच्या आधी त्यांचा खांदा निघे. तिसऱ्यांदा मी चुकीच्या बाजूला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या कोपराला दोन बोटांनी हलकंच टोचलं. डावीकडे. मी डावीकडे झुकलो, आणि रिचार्लिसनचं डोकं चेंडूला लागताना दिसलं. मग उरलेली मॅच आम्ही दोघे एकत्र डोललो, कीर्तनात शेजारी बसलेले दोघे डोलतात तसे.

मॅच चेल्सीशी होती, जिंकलो तीन-एक. मॅनेजर नुकताच काढलेला, आणि तात्पुरता म्हणून उभा होता डंकन फर्ग्युसन, आमचाच जुना दांडगोबा खेळाडू. गोल झाला की तो चेंडू आणून देणाऱ्या पोरांना उचलून मिठ्या मारत होता. मध्यंतरात आजोबांनी विचारलं, पहिल्यांदाच का? मी म्हटलं, इथे पहिल्यांदा, पण सतरा वर्षांपासून एव्हर्टनचा आहे. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सॉरी टू हिअर दॅट," आणि खिशातून एक मिंट काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांचा मोठा भाऊ पूर्वी माझ्या खुर्चीवर बसायचा. आता गुडघ्यांमुळे त्याला पायऱ्या होत नाहीत, तो घरी रेडिओ ऐकतो. मी विचारलं, टीव्हीवर नाही बघत? तर बऱ्याचशा मॅचेस नाहीच. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस टीव्हीवर दाखवतच नाहीत. मैदानं रिकामी पडू नयेत म्हणून १९६०च्या दशकापासून चालत आलेला नियम. आणि मी, काही विचार न करता, उत्साहाने सांगून बसलो की आमच्याकडे भारतात सगळ्या दिसतात. "ऑल ऑफ देम?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते मैदानाकडे बघत राहिले. रागावले नव्हते. पण दोन गल्ल्या पलीकडे राहणारा माणूस रेडिओला कान लावून बसतो आणि मुलुंडला मी सोफ्यावर पाय पसरून त्याचा क्लब बघतो, हा हिशेब त्यांच्याइतकाच मलाही त्या क्षणी पहिल्यांदा दिसला. ही ती लाज.

शेवटची शिट्टी झाल्यावर आजोबा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "वुई'ल बी ऑल राइट नाउ."

या वाक्यावर मी त्या रात्री मँचेस्टरच्या हॉटेलात खूश होतो. आज, सरांमुळे, ते पुन्हा काढून बघितलं तर लक्षात येतं की इंग्रजीत 'वुई' एकच आहे. 'आपण' वेगळं नाही, 'आम्ही' वेगळं नाही. म्हणजे आजोबा मला सांगत होते की 'आम्ही आता सावरू', तू विमानाने जाशील तुझ्या घरी. की 'आपण आता सावरू'? कोपराला टोचलेली दोन बोटं एका बाजूला, 'ऑल ऑफ देम' दुसऱ्या बाजूला. वीस वर्षं 'आपण' म्हणताना मी इंग्रजीतल्या या धूसरपणाचा फायदा घेत आलोय की काय?

शिवाय मी धंद्याने हिशेब तपासणारा. नोव्हेंबर २०२३मध्ये एव्हर्टनचे दहा गुण कापले गेले (पुढे अपिलात ते सहा झाले) तेव्हा सगळे एव्हर्टनवाले अन्याय, अन्याय म्हणून ओरडत होते. मीही ओरडलो, निदान व्हॉट्सॲपवर. मग रात्री निकालपत्र उघडून वाचलं. लीगच्या नियमाने तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंड तोट्याची मुभा, आणि आमचा तोटा १२ कोटी ४५ लाख. समोर दुसरा कुणी अशील असता तर मी चष्मा काढून म्हटलं असतं, "साहेब, यात वाद कशाला घालताय?" शिक्षेचं माप जास्त होतं असं मला अजूनही वाटतं. पण गुन्हा होता. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. सरांचा निकष लावला तर 'आम्ही खेळलो' म्हणायचा हक्क मला नाही, पण 'आम्ही मुभेपेक्षा जास्त तोटा केला' म्हणताना जो संकोच झाला तो तर माझाच होता. जिंकताना 'आपण' म्हणणारे खूप असतात. ताळेबंद वाचताना कान गरम होणं, हे काय असतं?

१८ मे २०२५ला गुडिसनवरची पुरुष संघाची शेवटची मॅच झाली. १८९२पासूनचं मैदान. आपल्याकडे दुपारचे साडेचार, पंखा फुल, जेवणातल्या आमरसाची सुस्ती. साउदम्प्टनवर दोन-शून्य, दोन्ही गोल इलिमान एन्जायचे. मॅचनंतर जुने खेळाडू एकेक करून बाहेर आले, आणि कॅमेरा मैदानाच्या कडेने फिरला तेव्हा मला त्या गवताखालच्या माणसांची आठवण झाली. शेकडो एव्हर्टनवाल्यांच्या अस्थी तिथे मैदानाच्या काठाने पुरलेल्या आहेत. पुढे जागाच उरेना म्हणून क्लबला ते थांबवावं लागलं. डिक्सी डीन, ज्याने १९२७-२८च्या एका मोसमात लीगमध्ये साठ गोल केले, तो तर १९८०मध्ये गुडिसनवर मॅच बघतानाच गेला, तीही लिव्हरपूलविरुद्धची. मी डोळे पुसत होतो. बायको आंब्याच्या साली उचलत होती. ती म्हणाली, "आपली जुनी बिल्डिंग पाडली तेव्हा तू आला पण नव्हतास." खरं होतं. ज्या घरात बारावीचं केबल कापलं गेलं, ते घर रीडेव्हलपमेंटमध्ये गेलं त्या दिवशी माझ्याकडे ऑडिटची मुदत होती. आईने एकटीने खिडकीची कडी काढून आणली, ती अजून तिच्या कपाटात आहे. मी काय उत्तर देणार? म्हटलं, गुडिसन पाडणार नाहीयेत, आता तिथे महिलांचा संघ खेळेल. "छान," ती म्हणाली आणि साली घेऊन आत गेली.

तर, लीड्सच्या त्या पेनल्टीनंतरचा रविवार, २४ ऑगस्ट. नव्या स्टेडियमवरची लीगची पहिली मॅच, ब्रायटनशी, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. गणपती तीन दिवसांवर आलेले, खाली मांडवाचे बांबू ठोकण्याचा आवाज. उत्तरार्ध सुरू होता, आम्ही दोन-शून्यने पुढे, आणि बेल वाजली. दारात सर, काखेत पावतीपुस्तक. "वर्गणी." मी म्हटलं, "सर, दहा मिनिटं बसता का?" बसले. चष्मा पुसून टीव्हीकडे बघायला लागले. "तुझे कुठले?" "निळे." "आणि ते मागे पाणी कसलं?" मी सांगितलं, मर्सी नदी. १८४८मध्ये सुरू झालेली जुनी गोदी होती, ती भरून त्यावर हे बांधलंय. नदीकाठी अशी नवी बांधकामं झाली म्हणून युनेस्कोने २०२१मध्ये त्या शहराला वारशाच्या यादीतून काढलं, त्या कारणांत हे स्टेडियम पण होतं. सर म्हणाले, "म्हणजे खाडी बुजवून टॉवर. आपल्यासारखंच." जिन्यातल्या त्या सकाळीबद्दल मी काही बोललो नाही, त्यांनीही विषय काढला नाही. त्यांनी पुस्तक मांडीवर उघडून माझं नाव लिहायला घेतलं, दरवर्षीप्रमाणे पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

सत्त्याहत्तरावं मिनिट. ब्रायटनला पेनल्टी. माझ्या पोटात तोच गोळा, सहा दिवसांपूर्वीचा. दोन-एक झालं की पुढचं मला पाठ आहे. एव्हर्टन बघणाऱ्याला दोन गोलांची आघाडी म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. सरांचं पेन थांबलं. त्यांचा वेल्बेक धावत आला, आमचा गोली पिकफर्ड याने झेप घेतली, चेंडू त्याच्या हातांना लागून बाहेर.

"वाचलो!" सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते टीव्हीकडेच बघत होते, पेनाचं टोपण दातांत धरून. मराठीत 'वाचलो' हे क्रियापद 'मी'ला चालतं, 'आम्ही'ला चालतं आणि 'आपण'लाही. नुसत्या रूपावरून कळायला मार्ग नाही, हे मला सातवीत शिकवलं होतं, बहुधा सरांसारख्याच कुणीतरी. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

बाहेर मांडवावर हातोडा पडत होता. सरांनी मान खाली घातली, पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अक्षरी रुपये किती लिहू?"